पन्नाशीनंतर ड्रम कोअरमध्ये परतताय? या चुका टाळा

हिवाळ्यातल्या पहिल्या कॅम्पला शाळेचा हॉल गच्च भरलेला असतो. जुने मित्र, जुनी जॅकेटं, मिठ्या, फोटो. जुलै उजाडेपर्यंत त्याच पथकाच्या रांगा विरळ झालेल्या दिसतात. कुणाचा खांदा धरला, कुणाचे ओठ गेले, कुणाचं इन्स्ट्रक्टरशी वाजलं. पेनसिल्व्हेनियात काही उन्हाळे मी एका पथकाच्या सामानाच्या ट्रकजवळ मदतीला उभा राहिलो, आणि ही गळती जवळून पाहिली. वय हे तिचं कारण क्वचितच असतं. लोक एकविसाव्या वर्षीचं माप घेऊन परत येतात, आणि ते माप अंगाला बसत नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड. बासरी-क्लॅरिनेटला इथे जागा नाही. फुटबॉलच्या मैदानावर आकृत्या बदलत दहा-बारा मिनिटांचा शो करायचा. तरुणांच्या स्पर्धा 1972 पासून ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, भरवते आणि तिथे साधारण बाविशीत दार बंद होतं. त्याला ‘एज-आउट’ म्हणतात. हायस्कूलच्या मार्चिंग बँडमधून उन्हाळी कोअरमध्ये गेलेली, अमेरिकेतच वाढलेली आपली काही मराठी मुलंही आता चाळिशी-पन्नाशीला आली आहेत. त्यांच्याही डोक्यात हा प्रश्न असतोच: आता पुढे कुठे वाजवायचं?

मित्र आहे म्हणून त्याच पथकात जाणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बाहेरून सगळी पथकं सारखीच दिसतात, पण त्यांची मागणी अगदी वेगवेगळी असते.

ऑल-एज, म्हणजे वयाची वरची मर्यादा नसलेले, कोअर खरोखर स्पर्धेत उतरतात. न्यू जर्सीचं हॉथॉर्न कॅबलेरोज 1946 चं, पेनसिल्व्हेनियाचं रेडिंग बकनिअर्स 1957 चं. अनेक दशकं त्यांची स्पर्धा ड्रम कोअर असोसिएट्स घेत असे. 2024 पासून हा गट डीसीआयच्या छत्राखाली आला. सराव शनिवार-रविवारी असतो म्हणून तो हलका असेल असं समजू नका. पूर्ण ड्रिल, म्हणजे चालत आकृत्या बदलणं, असतं, वेग तरुणांचा असतो आणि शेजारच्या रांगेतला मुलगा वीस वर्षांचा असू शकतो. अ‍ॅलम्नाय कोअरचं, म्हणजे जुन्या सदस्यांच्या पथकांचं, तसं नाही. बहुतेक ठिकाणी उभ्याउभ्या कार्यक्रम होतो, फार तर परेड. तिसरा प्रकार एकाच मोसमापुरता जमणाऱ्यांचा. 27th लॅन्सर्सचे जुने लोक 1994 मध्ये असे एकत्र आले, मॅडिसन स्काउट्सचे 2006 मध्ये, स्टार ऑफ इंडियानाचे 2010 मध्ये. शिवाय डीसीआयचाच साउंडस्पोर्ट हा उपक्रम आहे. त्यात छोटी पथकं असतात, वयाची अट नसते आणि कार्यक्रम काही मिनिटांचा असतो.

नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी विचारा. चालायचं आहे की उभं राहायचं? वर्षातले किती शनिवार-रविवार जाणार? आणि वाद्यं कोणत्या पट्टीतली? तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. डीसीआयने 2000 मध्ये कुठल्याही पट्टीतल्या पितळी वाद्यांना परवानगी दिली, पण जुन्या लोकांची बरीच पथकं अजून ‘जी’ (G) पट्टीतले दोन व्हॉल्व्हचे बिगुल सांभाळून आहेत. आयुष्यभर बी-फ्लॅट ट्रम्पेट वाजवलेल्या माणसाच्या हातात ‘जी’ पट्टीतला सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाचा बिगुल, आला की पहिला तासभर अनामिका नसलेलं बटण दाबत राहते. शिवाय तोच लिहिलेला सूर दीड स्वराने खाली वाजतो, त्यामुळे कानही बिथरतो. हे दोन-तीन आठवड्यांत जमतं. पण मे महिन्यात कळण्यापेक्षा जानेवारीत कळलेलं बरं.

पहिल्याच दिवशी वरचे सूर

तक्रार नेहमीची: सकाळी दणदणीत वाजलं, दुपारी आवाजच फुटेना. त्यावर लोक करतात ते नेमकं उलटं. माउथपीस ओठांवर आणखी दाबून धरतात. तसं केलं की ओठाचा रक्तपुरवठा तुटतो, सूज येते आणि पुढचे चार दिवस हातचे जातात.

ओठांभोवतीचे स्नायू वीस वर्षं बसून राहिले असतील तर आठवड्यातून एकदा सहा तास फुंकून ते परत येणार नाहीत. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात: मधल्या सप्तकात लांब, हळू, सरळ सूर. जितका वेळ वाजवलं तितकीच विश्रांती. पहिला महिना स्टाफच्या, म्हणजे सूर लिहायच्या पाच ओळींच्या, वरच्या ओळीपलीकडे जाऊच नका. सेक्शन लीडरला आधीच सांगून ठेवा की मी सध्या दुसरा किंवा तिसरा भाग वाजवीन. पहिल्या भागाचा मान मोठा असतो हे खरं, पण पथकाचं वजन खालचे भागच उचलतात. ज्यांना हे वेळेवर उमगतं ते ऑगस्टमध्येही वाजवत असतात.

दाताचं मोठं काम ठरलं असेल तर डेंटिस्टला आधी सांगा की मी ट्रम्पेट वाजवतो. पुढच्या दाताचा आकार किंचित बदलला तरी ओठाची बैठक बदलते. काचबिंदू किंवा हर्निया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका, कारण जोरात वर फुंकताना डोळ्यातला आणि पोटातला, दोन्हीकडचा दाब वाढतो.

दुसऱ्याच्या मापाचा कॅरिअर

ड्रमवाल्यांची पाठ बहुधा ड्रमच्या वजनाने जात नाही, चुकीच्या कॅरिअरने जाते. सत्तरच्या दशकात एका खांद्यावरून पट्टा घालून ड्रम मांडीवर तिरका टेकवायचे. आता धातूचा जॅकेटसारखा कॅरिअर असतो आणि ड्रम सपाट राहतो. पथकाचा कॅरिअर आधी कुणा सडपातळ पोराने वापरलेला असतो. आपण तो अंगात घालतो, ‘ठीक आहे’ म्हणतो आणि चार तास तसेच उभे राहतो.

स्नेअर, म्हणजे पुढ्यात अडकवायचा कडक आवाजाचा ड्रम, वाजवणाऱ्या एका ज्येष्ठाला मी ट्रकपाशी पाहिलं. दर दहा मिनिटांनी तो दोन्ही अंगठे खांद्याच्या पट्ट्यांखाली घालून ड्रम वर उचलायचा, मग सोडायचा. सामान सांभाळणाऱ्या मुलीने त्याला थांबवलं. पोटापाशी ड्रम अडकवायच्या आकड्यांचे बोल्ट सैल केले आणि ड्रम चार बोटं खाली आणला. मग पोटावरची पट्टी आत घेतली, पाठीची बाहेर सरकवली. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर कोपर अंगालगत आले आणि अंगठे खांद्याकडे गेले नाहीत. ड्रम उचलल्यावर खांदे कानांकडे सरकत असतील तर तो वर बसला आहे, आणि कंबर मागे वाकत असेल तर तो अंगापासून दूर आहे. दोन्हीचा इलाज पान्यात आहे, पेनकिलरमध्ये नाही.

दुसरी गोष्ट ड्रमच्या तोंडाची. जुने लोक मायलरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, तोंडावर शिकले. आजच्या मार्चिंग स्नेअरवर केव्हलार नावाच्या चिवट धाग्याचं तोंड असतं, दगडासारखं ताणलेलं. काठी उसळते, पण धक्काही मनगटात परत येतो. हात थकला की आपण मूठ आवळतो आणि तिथूनच कोपराचं दुखणं सुरू होतं. घरी मऊ पॅडवर हळू लयीत सराव करा. मैदानावर मूठ आवळलेली जाणवली तर ते वाक्य सोडून द्या, श्वास घ्या आणि पुढच्या वाक्याला परत शिरा. शेजारी नऊजण वाजवताहेत. कुणाला कळत नाही.

काँट्रा, म्हणजे सगळ्यात मोठं आणि जड पितळी वाद्य, खांद्यावर घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: मान डावीकडे झुकायला लागली तर बॅरिटोन, म्हणजे त्याहून लहान वाद्य, मागून घ्या. इथे अहंकार आडवा येतो हे माहीत आहे.

‘माझे कान मजबूत आहेत’

हे वाक्य बोलणाऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागतं, कारण पहिल्यांदा त्याला ऐकू आलेलं नसतं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा, नायॉशचा, हिशोब सोपा आहे. 85 डेसिबलला आठ तास चालतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. ड्रमलाइनच्या मध्ये उभं राहिलं तर आवाज त्याच्याही वर जातो. आपल्याकडे ढोल-ताशा पथकांत जे चालतं तेच इथेही चालतं. फरक इतकाच की हे लोक ते आठ-आठ तास सरावात सोसतात.

फोमची बोळी घालून सूर कळत नाही म्हणून लोक ती काढून टाकतात. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात. ते उंच आणि खालचे सूर साधारण सारखेच कमी करतात, त्यामुळे शेजाऱ्याचा सूर ऐकू येतो. श्रवणयंत्र वापरत असाल तर सरावात त्याचं काय करायचं ते ऑडिओलॉजिस्टलाच विचारा.

ऊन आणि चष्मा

एप्रिलभर वातानुकूलित हॉलमध्ये सराव करून जूनमध्ये एकदम डांबरी पार्किंग लॉटवर जाऊ नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. वय वाढलं की तहानही उशिरा लागते, म्हणून पाणी घड्याळ बघून प्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या आणि बीटा ब्लॉकर, उन्हात त्रास देतात. मोसमाआधी डॉक्टरांशी बोला. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर मागे चालताना पायाखालची जमीन अस्पष्ट दिसते, आणि दूरच्या ड्रम मेजरकडे, म्हणजे समोरून ताल देणाऱ्याकडे, बघायला मान वर-खाली करावी लागते. निव्वळ लांबच्या नंबरचा साधा चष्मा मैदानासाठी वेगळा करून घ्या. गवतात पाण्याचे स्प्रिंकलर लपलेले असतात. सरावाआधी आपल्या वाटेवरून एकदा नुसतं चालून या.

‘आमच्या वेळी...’

शरीराच्या कुरबुरींवर उपाय निघतो. या रोगाने मात्र माणसं पथकातून कायमची जातात.

इन्स्ट्रक्टर आपल्या मुलाच्या वयाचा असतो. तो गुडघे न उचलता, टाच टेकवून पाऊल पुढे सरकवायला सांगतो. आपण शिकलो ते गुडघे उंच उचलून. त्याने ‘परत’ म्हटलं की रांगेतून आवाज येतो, ‘1975 मध्ये आम्ही हे असं करत नव्हतो.’ बरोबर आहे, नव्हतो. तेव्हा बिगुल वेगळे होते, पिटला, म्हणजे मैदानापुढे एका जागी उभं राहून वाजवणाऱ्या तालवाद्यांच्या गटाला, माइक नव्हते (ते 2004 पासून चालू लागले) आणि सिंथेसायझरही नव्हता (तो 2009 पासून). माझंही मत असं की इलेक्ट्रॉनिक्सने हॉर्नलाइनचा, म्हणजे पितळी वाद्यांच्या रांगेचा, गाभा झाकला जातो. पण ते मत जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवर बसून मांडायचं. सरावाच्या मिनिटाला ते साठ लोकांचा वेळ खातं.

जुन्या माणसाचं ज्ञान लागतं, नक्की लागतं, फक्त विचारल्यावर. हातात घेतलेला दोन व्हॉल्व्हचा बिगुल कसा सुरात आणायचा हे पंचविशीतल्या मुलाला कुणी शिकवलेलंच नसतं. तो येतो विचारायला. तेव्हा पाच मिनिटांत सांगा, तासाभरात नव्हे.

ऑल-एज पथकात सोळा-सतरा वर्षांची मुलंही असतात. पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म भरायला सांगितला, अल्पवयीन मुलाला एकट्याने गाडीतून नेऊ नका म्हटलं, खाजगी मेसेज करू नका म्हटलं तर ‘माझ्यावर संशय?’ म्हणून रागावू नका. नियम सगळ्यांना सारखा आहे आणि तो असलाच पाहिजे.

शेवटच्या क्षणी कळवणं

उभ्याउभ्या वाजवणाऱ्या पथकात एक माणूस गळला तर आवाज थोडा कमी होतो. ड्रिल असलेल्या पथकात मैदानावर भोक पडतं. प्रत्येकाचा ठिपका ठरलेला असतो. एक गेला की वक्ररेषा तुटते, आणि मग कुणातरी ड्रिल लिहिणाऱ्याला रात्र जागून आसपासच्या आठ-दहा जणांची जागा बदलावी लागते. म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन, नातवाचं बारसं, पुण्याची फेरी, जे काही असेल ते ड्रिल लिहायला घेण्याआधी सांगा. चालणं जमणार नाही असं मे महिन्यात वाटलं तर मे महिन्यातच पिटमध्ये जागा आहे का विचारा. तिथे झांज, कॉन्सर्ट बास ड्रम, लहान-मोठी तालवाद्यं असतात आणि एका जागी उभं राहता येतं. तेही नको असेल तर ट्रकवर या. व्यावसायिक ड्रायव्हिंग लायसन असलेला, शिलाई मशीन चालवणारा किंवा व्हॉल्व्ह दुरुस्त करणारा माणूस कुठल्याच पथकाला जास्त होत नाही. गणवेशाचं माप मात्र जूनमध्ये द्या. जानेवारीत दिलेली पँट तोपर्यंत सैल झालेली असते, नाहीतर अजिबात बसत नाही.