पाळणाघराचा कायदा मागायचा असेल तर

मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षण मात्र मुलाला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते. तोवर अंगणवाडीतून घरी न्यायचा पूरक आहार मिळतो, लसीकरणासाठी मदत होते, पण आई कामावर असताना मूल सांभाळण्याची सोय तिथे सहसा नसते. सहा महिने ते तीन वर्षे ही मधली अडीच वर्षे कोणाच्याच जबाबदारीत येत नाहीत. गोव्यात बालसंगोपनाचा कायदा मागायचा असेल, तर मागणीची सुरुवात या अडीच वर्षांपासूनच करावी असे माझे ठाम मत आहे.

आम्ही फोंडा तालुक्यातील काही जणींनी पहिले निवेदन दिले तेव्हा त्यात चौदा मागण्या होत्या. आमदारांनी ते आदराने घेतले, वाचले आणि विचारले, "यातली नेमकी कोणती गोष्ट मी सभागृहात मांडू?" आम्हांला उत्तर देता आले नाही. त्यानंतर महिनाभराने कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या एका बाईशी बोलणे झाले. कंपनीची बस साडेपाचला नाक्यावर येते, अंगणवाडी उघडते तेव्हा तिची निम्मी पाळी होत आलेली असते, आणि दीड वर्षाचा मुलगा अकरा वर्षांच्या बहिणीपाशी असतो. ती बहीण आठवड्यातून दोनदा तरी शाळा बुडवते. दुसरे निवेदन आम्ही या एका घरावरून लिहिले. ते एका पानाचे होते आणि मागणी एकच होती: आईच्या कामाच्या वेळेत उघडे असणारे पाळणाघर हा मुलाचा हक्क व्हावा.

मागणीला आधार लागतो आणि तो राज्यघटनेत आहे. 2002 च्या 86व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद 45 असे सांगतो की, सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांच्या संगोपनाची व शिक्षणाची तरतूद करण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यावरून न्यायालयात दाद मागता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 11 तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाबद्दल बोलते, पण तिथेही शासन व्यवस्था "करू शकेल" एवढेच म्हटले आहे. आपली सगळी लढाई या "शकेल"च्या जागी "करील" आणण्याची आहे. राज्याने स्वतःचा कायदा करणे गोव्याला नवे नाही, कारण 2003 चा गोवा बाल कायदा गोवा विधानसभेनेच संमत केलेला आहे. त्यात नवे प्रकरण जोडायचे की स्वतंत्र कायदा मागायचा, हे एखाद्या वकिलाशी बसून आधीच ठरवावे. माझा कल स्वतंत्र कायद्याकडे आहे, कारण पाळणाघराला जागा, माणसे आणि दरवर्षीचा पैसा लागतो.

सध्याची तरतूद कुठे अपुरी पडते तेही नेमके दाखवता आले पाहिजे. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती मर्यादा तशीच राहिली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी घेऊन बसणारी, पाच घरची धुणीभांडी करणारी, बारा खोल्यांच्या हॉटेलात चादरी बदलणारी बाई या मर्यादेत कधीच येत नाही. महिलांसाठीच्या मिशन शक्ती या केंद्राच्या कार्यक्रमाखाली पाळणा योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते आणि खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा असतो. मात्र योजना आदेशाने बंद होऊ शकते, कायदा तसा बंद होत नाही. हा फरक आमदारांना आवर्जून समजावून सांगावा.

मग माहिती गोळा करावी. माहिती हक्क कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून महिला व बालविकास संचालनालयाकडे अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. आपल्या तालुक्यात अंगणवाड्या किती, त्यांतल्या भाड्याच्या खोलीत किती, पाळणाघर किती ठिकाणी चालते आणि सेविका व मदतनीस यांची किती पदे रिक्त आहेत, एवढेच विचारावे. अंगणवाडी सेविकांना मात्र अर्जाच्या आधी भेटावे. त्यांच्याकडे नोंदवह्यांचे आणि सर्वेक्षणांचे काम आधीच भरपूर असते, आणि त्यांना न विचारता मागितलेले पाळणाघर शेवटी त्यांच्याच अंगावर पडते. मसुद्यात वेगळी पाळणाघर-ताई, तिचा वेगळा पगार आणि प्रशिक्षण यांचा उल्लेख हवाच, नाहीतर त्या विरोधात उभ्या राहतील आणि तो विरोध रास्त असेल.

ग्रामसभा ही पुढची पायरी. आपल्याकडे ती बहुधा रविवारी भरते, त्यामुळे कामावर जाणाऱ्या आयांना येता येते. ठरावाचा मजकूर लिहून न्यावा, सूचक व अनुमोदक आधी ठरवावेत आणि नंतर इतिवृत्तात तो शब्दशः आला आहे ना हे पाहून प्रमाणित प्रत घ्यावी. पालिका क्षेत्रात नगरसेवकामार्फत पालिका मंडळाकडून असाच ठराव घ्यावा.

पर्वरीला, म्हणजे विधानसभेपर्यंत, पोहोचल्यावर कामाची पद्धत बदलते. आपले चाळीसही आमदार या विषयावर बोलणार नाहीत, चार बोलले तरी पुष्कळ आहे, आणि त्या चारांत सत्ताधारी व विरोधी दोन्ही बाकांवरचे असावेत. आधी तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, विचारून घ्यावा, कारण मंत्र्यांनी सभागृहात दिलेला आकडा पुढे कोणी नाकारू शकत नाही. त्यानंतर शुक्रवारी, म्हणजे खासगी कामकाजाच्या दिवशी, खासगी ठराव (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेला) आणावा. थेट खासगी विधेयकाचा आग्रह मी धरणार नाही. ज्या विधेयकामुळे राज्याच्या तिजोरीवर खर्च पडतो, ते अनुच्छेद 207 नुसार राज्यपालांच्या शिफारशीशिवाय संमत होत नाही, आणि ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर अवलंबून असते. म्हणून ठरावाच्या चर्चेत सरकारी विधेयकाचे आश्वासन मिळवणे आणि ते कामकाजाच्या नोंदीत येणे महत्त्वाचे. कामगारांचे व शिक्षणाचे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र व राज्य दोघेही कायदे करू शकतात, त्यामुळे केंद्रीय कायद्याशी विसंगत कलम घातल्यास राष्ट्रपतींच्या संमतीची गरज पडेल. मसुदा केंद्रीय कायद्याला पूरक ठेवला तर ही अडचण टळते.

विधेयक आलेच, तर ते चिकित्सा समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे, जाण्याआधी आपले म्हणणे लेखी तयार असावे. त्यात पाळणाघर किती वाजता उघडणार, किती मुलांमागे किती ताई, स्वयंपाक व स्वच्छतागृह कुठे, तपासणी कोण करणार आणि अंदाजपत्रकात त्याचे वेगळे लेखाशीर्ष (खर्चाचे खाते) असेल का, याची उत्तरे असावीत. आईच्या पाळीची वेळ हे कलम मुळीच सोडू नये.

वेळेचे भानही ठेवावे लागते. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेले विधेयक रद्द होते, आणि 2022 साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2027 मध्ये संपते. त्यामुळे प्रत्येक अधिवेशनाची तारीख जाहीर होताच त्याच आठवड्यात ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, माहिती हक्काचे उत्तर आणि एक पानाचे निवेदन घेऊन आमदारांच्या घरी जावे, आणि जमल्यास साडेपाचच्या बसने जाणाऱ्या एखाद्या आईलाही, तिच्या सुट्टीचा दिवस पाहून, बरोबर न्यावे.