स्पॅमअसॅसिन: आधी आहे तसं चालवा, मग हात घाला

सांगली मार्केट यार्डातल्या एका हळद पेढीचा मेल सर्व्हर मी बघतो. तिथले निम्मे मेल कॅपिटल अक्षरांत, विषय ‘अर्जंट रेट’. स्पॅमअसॅसिन म्हणजे सर्व्हरवरचा स्पॅम ओळखणारा फिल्टर; त्याचे नियम मेलला संशयाचे गुण देतात आणि बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोचली की मेल स्पॅम ठरतो. अशा फिल्टरला संशय येणारच!

तरी मालक घाई करतात म्हणून मर्यादेला हात लावू नका. मूळ मर्यादा 5 गुणांची आहे. ती 3 वर आणली की आधी खरी गिऱ्हाइकंच अडकतात. सुरुवातीला काहीच डिलीट नको, नुसती खूण लावून स्पॅम फोल्डरात टाका. मग अडकलेल्या मेलचा हेडर, म्हणजे मजकुराच्या वरची तांत्रिक माहिती, उघडा. कोणत्या नियमाला मेल सापडला ते तिथे नावानिशी असतं. फक्त त्या नियमाचे गुण उतरवा.

बदल लोकल.सीएफ फाइलमध्येच लिहा. मूळ नियमांच्या फायलींत लिहिलंत तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. रीस्टार्टआधी लिंट तपासणी चालवा, टायपिंगच्या चुका तिथेच कळतात.

बायेस (नमुन्याच्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणारा फिल्टरचा भाग) शिकवायचं असेल तर मुळात किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल लागतात. तोवर ते गुणच देत नाही. चांगले मेल पेढीचेच घ्या: अडत्यांचे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे, राजापुरी हळदीच्या चौकशीचे.

आणि गिऱ्हाइकं जीमेलवर आहेत म्हणून अख्खं जीमेल डोमेन व्हाइटलिस्टला, म्हणजे भरवशाच्या पत्त्यांच्या यादीत, टाकायचं नाही. एकेक पत्ता घाला.