दोन लेनच्या रस्त्यावरची वाहनं कशी मोजायची

रस्ता रुंद करा म्हणून नुसता अर्ज देऊन भागत नाही, आकडे लागतात, आणि ते गावातली चार पोरं काढू शकतात. आधी जागा नीट निवडा. चौक, एसटी स्टँड, पंप यांच्यापासून लांब, सरळ रस्ता, जिथून दोन्ही बाजू दिसतात. रात्री कडेला बसणार असाल तर रिफ्लेक्टर जॅकेट घालाच, प्लीज.

एका दिशेला एक माणूस. कागदावर बाईक, कार-रिक्षा, टेम्पो, ट्रक-बस, ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी असे रकाने पाडा, प्रत्येक वाहनाला एक रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी, दर १५ मिनिटांनी नवी ओळ. दोन-तीन तासांनी माणूस बदला, नाहीतर डोळे थकतात आणि बाईक हमखास सुटतात.

आता खरी गंमत पीसीयूची (पॅसेंजर कार युनिट), म्हणजे सगळी वाहनं कारच्या हिशोबात आणायची. आयआरसी ६४ (इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे ग्रामीण रस्त्यावर बाईक ०.५, कार १, ट्रक-बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि बैलगाडी चक्क ८! म्हणून उसाच्या पट्ट्यात गाळप हंगामात वाहनं थोडीच वाढतात पण रस्ता तुंबतो, कारण ट्रॉलीला ओव्हरटेक करायला समोरची लेन मोकळी मिळतच नाही.

सलग ७ दिवस २४ तास मोजा, एकदा हंगामात एकदा एरवी. सपाट भागात दोन लेनसाठी दिवसाला १५,००० पीसीयू धरतात, तुमची दोन्ही दिशांची मिळून रोजची सरासरी त्याच्या पुढे गेली तर तक्ता अर्जाला जोडा.