ट्रायकोकार्डवर अळ्या निघतात? अंड्यांना यूव्ही देताना या चुका टाळा

करवीर, हातकणंगले, शिरोळकडे उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड स्वतः तयार करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. ट्रायकोकार्ड म्हणजे कोर्सिरा या पतंगाची अंडी डिंकाने चिकटवलेलं कार्ड; त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा हा खोडकिडीची अंडी मारणारा बारीक मित्रकीटक वाढवतात. तीन-चार दिवसांत कार्डावर कोर्सिराच्या बारीक अळ्या वळवळतात आणि काळी पडलेली, म्हणजे ज्यात ट्रायकोग्रामा वाढतोय ती अंडीच खाऊन टाकतात. दोष बहुतेकदा अंड्यांना यूव्ही (अतिनील किरण) देण्याच्या पेटीत सापडतो.

कोर्सिराच्या अंड्यातला गर्भ मारायचा, पण आतला बलक शाबूत ठेवायचा, कारण ट्रायकोग्रामाची अळी त्यावरच पोसते. पेटीतल्या ट्यूबचे २५४ नॅनोमीटरचे यूव्ही किरण डीएनए बिघडवून गर्भाची वाढ थांबवतात, पण ते फार खोल शिरत नाहीत. म्हणून जाड थर ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वरची अंडी मरतात, खालची सुखरूप राहतात. पतंगाचे खवले चिकटलेले असले तरी तेच होतं. अंडी बारीक चाळणीतून चाळा, मऊ ब्रशने खवले झटका आणि एकेरी थर बसेल एवढीच भुरभुरा. पावसाळ्यात आपल्याकडे डिंक लवकर सुकत नाही, अंडी गठ्ठ्याने बसतात. तेव्हा डिंक अगदी पातळ लावा.

ट्रेवर साधी काच ठेवू नका, ती हे किरण अडवते.

ट्यूब निळी पेटते म्हणजे काम होतंय, असं धरून चालू नका. जुनी ट्यूब तशीच उजळते, मारक किरण मात्र घटलेले असतात. मिनिटं दुसऱ्याची पाहून ठरवू नका. ट्यूबचे वॅट आणि अंतर बदललं की हिशोब बदलतो. खात्रीचा उपाय एकच. प्रत्येक लॉटमधली यूव्ही दिलेली चिमूटभर अंडी ट्रायकोग्रामा न सोडता वेगळ्या बाटलीत ठेवा, शेजारी यूव्ही न दिलेली चिमूट. पहिल्या बाटलीत अळी दिसली तर मात्रा कमी पडली. दुसरीत एकही दिसली नाही तर अंडीच खराब. थंडीत एखाद-दोन दिवस जास्त वाट पाहा.

अंडी २४ तासांच्या आतलीच घ्या. शिळ्या अंड्यांत गर्भ पुढे गेलेला असतो आणि ट्रायकोग्रामाची मादीही ती टाळते. यूव्हीनंतर लगेच उजेडात नेऊ नका. किड्यांच्या पेशींत उजेडावर चालणारं एक विकर असतं, ते बिघडलेला डीएनए दुरुस्त करू लागतं.

आणि पेटी चालू असताना आत डोकावू नका. डोळ्यांची जळजळ काही तासांनी सुरू होते, तोवर कळत नाही. दार उघडताच ट्यूब विझेल असा स्विच आजच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.