मणक्याच्या इजेनंतरचं नसांचं दुखणं: गोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

पायाला चिमटा काढला तर कळत नाही आणि त्याच पायाची रात्रभर आग होते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या घरात हे कोडं रोजचं असतं. घरच्यांना वाटतं, हे मनाचे खेळ आहेत. पेशंटला वाटतं, नस परत जिवंत होतेय. यातलं काहीच खरं धरून चालू नये. इजेच्या आसपासच्या आणि मेंदूतल्या चेतापेशी अतिसंवेदनशील होतात आणि खाली काहीही झालेलं नसताना दुखण्याचे निरोप सोडत राहतात. बऱ्याचदा हे दुखणं अपघातानंतर काही महिन्यांनी सुरू होतं, तोवर हॉस्पिटलातून घरी येऊन बरेच दिवस झालेले असतात.

उपचार याच खवळलेल्या पेशी शांत करण्याचा असतो, म्हणून चिठ्ठीवर फिट्सची आणि डिप्रेशनची औषधं येतात. पहिली चूक इथेच होते. कुणीतरी मोबाईलवर गोळीचं नाव टाकतं, "अहो, ही तर फिट्सची गोळी, आपल्याला कुठे फिट येते?" म्हणतं आणि पाकीट कपाटात जातं. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही औषधं नसांच्या दुखण्यासाठीच दिलेली असतात. प्रीगॅबालिनला तर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये खास मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या दुखण्यासाठी मान्यता दिली.

दुखणं कुठलं, हे न पाहता गोळी

आग होणं, करंट लागल्यासारखी चमक, मुंग्या, कमरेला पट्टा आवळल्यासारखं वाटणं, कपडा नुसता घासला तरी सहन न होणं, हे नसांचं दुखणं. व्हीलचेअर ढकलून खांदा दुखतो ते स्नायू-सांध्यांचं. पाय आपोआप ताठ होऊन ओढतो तो स्पाझम. तिघांची औषधं वेगळी आहेत. खांद्याला पॅरासिटामॉल चालेल, स्पाझमला बॅक्लोफेन, पण पायाच्या आगीवर दोघांचाही फारसा उपयोग नाही.

सगळ्यात महाग पडते ती मेडिकलमधून आणलेली रोजची डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी. आग तशीच राहते, आणि मूत्राशय नीट रिकामं होत नसल्याने आधीच धोक्यात असलेल्या किडनीवर आणखी भार पडतो. किडनी मंदावली की प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन शरीरात साठू लागतात, कारण ती जवळजवळ पूर्णपणे लघवीवाटेच बाहेर पडतात. मग गुंगी वाढते आणि दोष प्रीगॅबालिनला जातो.

"गोळी लागू पडली नाही" हा घाईचा निकाल

आमच्या मते निम्मी निराशा इथली आहे. प्रीगॅबालिन ७५ मि.ग्रॅ. रात्री, आठ दिवस, फरक नाही, बंद. याला औषध वापरून पाहिलं असं म्हणताच येत नाही.

प्रीगॅबालिनचा नेहमीचा आराखडा असा: ७५ मि.ग्रॅ. सकाळी आणि ७५ रात्री. सोसलं तर आठवड्यानंतर १५० आणि १५०. त्यावर दोन-तीन आठवडे काढूनही पुरेसा आराम नसेल आणि गुंगी आटोक्यात असेल, तर ३०० आणि ३०० पर्यंत. दिवसाला ६०० मि.ग्रॅ. ही कमाल. वय जास्त असेल किंवा अंगात अशक्तपणा असेल तर डॉक्टर २५ किंवा ५० पासून सुरुवात करतात. एकूण चार आठवडे, त्यातले निदान दोन सोसेल तेवढ्या वरच्या डोसवर, एवढी संधी दिल्याशिवाय निकाल लावू नये. अमिट्रिप्टिलिन रात्री १० मि.ग्रॅ. पासून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवतात आणि त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. ड्युलोक्सेटिन पहिला आठवडा ३० आणि मग ६०. मळमळ झाली तर जेवणानंतर घ्यावी, पण कॅप्सूल उघडून आतले दाणे चावू नयेत. डोस वाढवण्याचा प्रत्येक टप्पा डॉक्टरांशी बोलूनच. फोनवर विचारलं तरी चालतं, पण शेजाऱ्याच्या डोसवरून नाही.

गॅबापेंटिनची गोष्ट जरा वेगळी. एका वेळी जास्त घेतलं तर आतडं ते तेवढ्या प्रमाणात शोषतच नाही: दिवसाला ९०० मि.ग्रॅ. घेतल्यास साधारण ६० टक्के रक्तात पोचतं, २४०० घेतल्यास ३४ टक्के. म्हणून ते तीन वेळा विभागून घ्यायचं. सकाळची राहिली म्हणून रात्री दोन्ही एकदम, हे करू नये. ॲसिडिटीचं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध घेतलं असेल तर दोन तास थांबून मग गॅबापेंटिन. आणि प्रीगॅबालिन व गॅबापेंटिन एकत्र घेण्यात हशील नाही. दोघं एकाच जागी काम करतात, वाढते ती फक्त गुंगी. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असल्या की हे हमखास होतं.

अपेक्षा किती ठेवायची, तेही आधी ठरवावं. दहापैकी आठ असलेलं दुखणं पाच-साडेपाचवर आलं, झोप लागू लागली, तर औषध काम करतंय. शून्याची वाट पाहणारा माणूस कामाची गोळीही फेकून देतो. यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तारखेच्या चौकोनात रोज रात्री एक ओळ: "७५+७५, दुखणं ७, झोप ४ तास, संडास नाही." महिन्याचं पान फाडून डॉक्टरांसमोर ठेवलं की "थोडं बरं वाटतं" यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

पाकिटावरची दोन अक्षरं

आपल्याकडे प्रीगॅबालिन बऱ्याचदा दुसऱ्या औषधासोबत जोडून मिळतं. नावापुढे "एम" असेल तर सोबत मिथाइलकोबालमिन, म्हणजे बी-१२. "एनटी" असेल तर सोबत नॉरट्रिप्टिलिन, बहुतेक वेळा ७५ आणि १० मि.ग्रॅ. अशी जोडी. आता डोस दुप्पट करायला तीच गोळी दोन वेळा घेतली की नॉरट्रिप्टिलिनही नकळत दुप्पट. आणि वेगळी अमिट्रिप्टिलिन चालू असेल तर एकाच जातीची दोन औषधं पोटात. डोस ठरेपर्यंत सुटं प्रीगॅबालिन लिहून मागावं, एकत्र गोळीचा विचार नंतर. बी-१२ ची कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, पण मज्जारज्जूच्या इजेची आग बी-१२ ने शमते अशा आशेवर राहू नये. नावापुढे "एसआर" असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी मोडून किंवा कुटून घेऊ नये.

मेडिकलवाल्याने "कंपनी बदललीय, औषध तेच" म्हटलं तरी ही अक्षरं आणि मि.ग्रॅ.चा आकडा जुन्या पाकिटाशेजारी धरून जुळवून घ्यावा.

एकदम बंद करणं

दिवाळीला गावी गेलो, गोळ्या संपल्या, तिथे मिळाल्या नाहीत, अशी कारणं असतात. प्रीगॅबालिन अचानक थांबलं तर झोप उडते, घाम येतो, मळमळ होते, आग उसळते, क्वचित फिटही येते. निदान आठवडाभर आणि डोस मोठा असेल तर त्याहून सावकाश उतरवायचं. बॅक्लोफेनच्या बाबतीत हा धोका त्याहून मोठा आहे: एकदम तोडलं तर जोरदार ताप, भ्रम, फिट्स, प्रचंड कडकपणा. गाठीला दहा दिवसांचा साठा नेहमी वेगळा ठेवा. आणि गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊन हिशेब पुरा करू नका.

या शरीरात दुष्परिणाम वेगळे दिसतात

अमिट्रिप्टिलिनच्या माहितीपत्रकात "तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, लघवी अडणे" असं लिहिलेलं असतं. साध्या माणसाला ही किरकोळ कटकट आहे. इथे मात्र आतडं आणि मूत्राशय आधीच ताब्यात नाहीत. त्यात मूत्राशयासाठी ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन चालू असलं की कोरडेपणा आणि बद्धकोष्ठ दुहेरी वाढतात. गोळी सुरू करतानाच संडासाचं वेळापत्रक आणि रेचक यांचा विचार व्हावा. स्वतःहून थोडी लघवी करता येणाऱ्यांनी ती कमी होतेय का, यावर लक्ष ठेवावं. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर बीपी मुळातच कमी असतं, ते आणखी घसरून उठून बसवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बेडचं डोकं हळूहळू वर करावं. हृदयाचा त्रास असेल तर आधी ईसीजी. गोळी झोपायच्या दोन तास आधी घेतली तर सकाळचं जडपण कमी होतं.

मानेच्या इजेत श्वासाचे स्नायू कमजोर असतात. तिथे प्रीगॅबालिन, ट्रॅमाडॉल (दुखण्याची अफूवर्गातली गोळी), झोपेची गोळी आणि वर दारू, यातली कोणतीही दोन एकत्र आली तरी रात्री श्वास मंदावू शकतो. घोरणं अचानक वाढलं किंवा हलवूनही नीट जाग येत नसेल तर वाट पाहू नये, हॉस्पिटल गाठावं.

ट्रॅमाडॉल अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिनबरोबर घेतलं तर आणखी एक धोका असतो: कापरं, घाम, ताप, जुलाब, बेचैनी आणि पायांना वारंवार झटके. घरचे याला स्पाझम समजून बॅक्लोफेन वाढवतात. ताप, घाम आणि झटके एकत्र दिसले तर तो स्पाझम धरून चालू नका, लगेच दाखवा. डोक्यालाही मार लागलेला असेल, तर ट्रॅमाडॉलने फिट येण्याची भीती वेगळीच.

पायांवर सूज प्रीगॅबालिनने येते, पण ती दोन्ही पायांना येते. एकच पाय सुजला, गरम लागला, तर गोळीला दोष देत बसू नका. शिरेत गाठ असू शकते, त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. आणि किडनीचा रिपोर्ट पाहताना हे डॉक्टरांना विचारा: स्नायू आटलेल्या माणसाचं क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला नेहमीचा आकडा) किडनी बिघडली तरी नॉर्मल दिसू शकतं. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ची तपासणी असते.

आग अचानक वाढली, म्हणून डोस वाढवला

महिनोन्‌महिने पाचवर असलेलं दुखणं दोन दिवसांत आठवर गेलं, तर गोळीकडे शेवटी बघा. आधी शरीराकडे. लघवी गढूळ, वास येणारी? कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, मुडपलाय, पिशवी भरलीय? संडास किती दिवसांची? मग पूर्ण कपडे काढून, कुशीवर वळवून, माकडहाड, नितंब, टाचा, घोट्यांची हाडं, अंगठ्याचं नख मांसात रुतलंय का हे पाहा. जिथे कळत नाही, तिथली जखम शरीर अशाच भाषेत सांगतं. जंतुसंसर्ग बरा झाला की आग बहुतेक आपोआप जुन्या जागी येते.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्यावर असेल आणि सोबत डोकं ठणकत असेल, चेहरा लाल, इजेच्या पातळीच्या वर घाम आणि वरचं बीपी नेहमीपेक्षा २० ते ४० ने जास्त, तर ही इमर्जन्सी आहे. ज्याचं वरचं बीपी एरवी ९५ असतं, त्याला १४० हा साधा आकडा नाही. ताठ बसवा, पाय खाली सोडा, पोटाचा पट्टा सैल करा, कॅथेटर मोकळा करा. गुदद्वारात तपासायचं तर आधी २ टक्के लिग्नोकेन जेली (बधिर करणारी) लावून थोडं थांबा. बीपी उतरत नसेल तर तडक हॉस्पिटल.

आणि वर्षांनंतर दुखणं नव्या जागी, वर सरकत आलं, हातातली ताकद किंवा गरम-गार कळणं कमी झालं, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होत असेल. तिथे गोळी वाढवून वेळ घालवायचा नाही, एमआरआय करायचा.

शेक आणि पट्टी

सुन्न भागावर गरम पाण्याची पिशवी नको, कातडी भाजते आणि कळत नाही. मिरचीच्या अर्काचं मलमही तिथे नको. इजेच्या पातळीवर, जिथे स्पर्शही सहन होत नाही अशा अखंड कातडीवर, लिग्नोकेन ५ टक्के पट्टी उपयोगी पडते: १२ तास लावायची, १२ तास काढायची, एका वेळी तीनपेक्षा जास्त नाही. जखमेवर किंवा सोललेल्या कातडीवर ती कधीच लावायची नाही.