शॉकअप किती लांब घ्यायचा? आधी मिटलेला मोजा

आजऱ्याजवळ आमची भातशेती आहे. डांबरी रस्ता सोडला की शेतापर्यंत अडीच किलोमीटर कातळ, चिखल आणि मध्ये एक ओढा. त्या वाटेसाठी मी माझी १९९८ची जिप्सी पाटे (लीफ स्प्रिंग) आणि ते चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारे शॅकल बदलून दोन इंच उचलली आणि शॉकअप (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर) जुनेच ठेवले. पहिल्याच पावसात ओढ्याच्या काठावर मागचं एक चाक हवेत लोंबलं. हाउसिंगचा, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या कवचाचा, सगळा भार आखूड शॉकअपवर आला आणि चॅसीवरच्या माउंटिंगचं वेल्डिंग उकललं. मग एका दुकानदाराने ‘लिफ्टवाले’ म्हणून भरपूर लांब शॉकअप दिले. सुगीत भाताची पोती भरून येताना एका खड्ड्यात खणकन आवाज आला. घरी येऊन पाहिलं तर नळकांड्याचा तळ फुगलेला आणि तेल पाट्यांवर ओघळलेलं.

एकदा आखूड पडला, एकदा लांब. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो: गाडी किती इंच उचलली यावरून शॉकअप ठरत नाही. चाक जास्तीत जास्त किती वर येतं आणि किती खाली लोंबतं, या दोन मापांवरून ठरतो. त्यातलं वरचं माप आधी.

कारण असं. शॉकअपची उघडलेली लांबी वाढली की मिटलेलीही वाढते. दांड्याला आत मावायला नळकांडं तेवढंच लांब लागतं, शिवाय वरखालचे डोळे (बोल्ट जातो ती कडी), सील आणि झडपा यांची जागा असतेच. साध्या शॉकअपमध्ये ही न हलणारी लांबी माझ्या पाहण्यात १२० मिलिमीटरच्या आसपास आली. २०० मिलिमीटर चालीचा, म्हणजे दांडा तेवढा आतबाहेर होणारा, शॉकअप मिटला तरी ३२० उरतो. लोक उघडलेली लांबी बघून माल उचलतात आणि मिटलेल्या मापाने मार खातात.

मोजणी सपाट जमिनीवर करा. टाकी भरलेली, हत्यारं आणि स्टेपनी जागेवर. आधी गाडी नुसती उभी असताना शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. एखाद्या टोकाला डोळ्याऐवजी दांडी असेल तर तिथे वॉशर जिथे टेकतो तिथून माप धरा. टेप शॉकअपच्याच तिरक्या रेषेत लावायचा, उभा नाही. शॉकअप उभ्या रेषेपासून ३० अंश कलला असेल तर चाक १०० मिलिमीटर हलल्यावर तो साधारण ८७च हलतो. माझं मागचं माप रिकाम्या गाडीला ४२५ आलं, पोती भरल्यावर ४०५. तुमची गाडी ओझं वाहत असेल तर दोन्ही लिहून ठेवा.

आता मिटलेलं माप. चॅसी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, पुढच्या चाकांना उटी (सरकू नयेत म्हणून ठोकळे) लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, दोन मिनिटांसाठीही नाही. शॉकअप सोडवा. पूर्ण पाटे असताना हाउसिंग जॅकने वर ढकललं तर पाटे दबण्याऐवजी चॅसीच घोड्यावरून उचलली जाते, म्हणून पाट्यांचा संच खोलून फक्त मुख्य पाटा ठेवा आणि हाउसिंग हळूहळू बंप रबरला, म्हणजे शेवटची आदळ झेलणाऱ्या रबराला, टेकवा. अर्धा दिवस जातो, पण याला दुसरी सोपी वाट मला सापडलेली नाही. माझं अंतर ३६३ झालं. जोराच्या आदळीत रबर आणखी दबतं. माझं ४० मिलिमीटर उंचीचं आहे, ते निम्मं दबेल असं धरून मी तिरक्या रेषेतले १८ वजा केले: ३४५. त्यातून सुरक्षेसाठी १५ काढले. म्हणजे शॉकअप मिटल्यावर ३३० किंवा त्याहून आखूड हवा.

हेच एक चाक वर आणि दुसरं खाली ठेवूनही तपासा. शॉकअप बंप रबरच्या बाहेरच्या अंगाला असेल तर हाउसिंग तिरकं झाल्यावर तो जास्त दबतो. दोन्हींतलं लहान माप खरं धरायचं.

खालच्या बाजूला हाउसिंग लोंबू द्या, पण नजर ब्रेकच्या होजवर (तेलाच्या लवचिक नळीवर) ठेवा. होज ताणला गेला की तिथेच थांबा. हँडब्रेकची केबल, हाउसिंगची हवेची नळी, प्रॉपेलर शाफ्टचे (हाउसिंगपर्यंत इंजिनाची ताकद नेणाऱ्या दांड्याचे) जॉइंट आणि त्याची सरकणारी बाही हेही बघा. शाफ्ट हाताने फिरवून जॉइंट कुठे अडकत नाही ना ते पाहा. माझं हाउसिंग ५३५ पर्यंत उतरलं आणि होजमध्ये थोडी ढील उरली होती.

म्हणजे ३३० ते ५३५. माझ्यासमोर तीन शॉकअप होते. पहिला ३००-४८० (मिटलेला-उघडलेला): मिटायला उत्तम, पण ओढ्यात पुन्हा चाक त्याच्यावरच लोंबलं असतं. दुसरा ३६०-५९५, म्हणजे जो फुटला तोच. तो बसवायचा तर बंप रबर किमान ३० मिलिमीटर खाली आणावं लागलं असतं. मग पोती भरल्यावर चाकाला वर यायला जेमतेम ३० उरतात आणि प्रत्येक खड्डा थेट चॅसीत जातो. ओझ्याच्या गाडीला हा सौदा मला मान्य नाही. तिसरा ३२८-५२८, तोच घेतला. ४२५वर उभा असताना मिटायला ९७ आणि उघडायला १०३ उरतात, जवळजवळ निम्मे-निम्मे. खाली मात्र तो ७ मिलिमीटर कमी पडतो, म्हणून ५२० वर थांबेल असा जाड पट्टा चॅसीपासून हाउसिंगला बांधला. लोंबणारा भार पट्ट्याने घ्यावा, शॉकअपच्या दांड्याने घेऊ नये.

हे सगळं अखंड हाउसिंग आणि पाट्यांच्या गाडीचं. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे शॉकअप जास्त उघडला तर ड्राइव्ह शाफ्टचे आणि बॉल जॉइंट हद्दीबाहेर कलतात, त्यामुळे माझे आकडे तिथे लावू नका. आणि उचलण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ने मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं घातली आहेत, हे बऱ्याच जणांना विमा अडकल्यावर कळतं.

बसवताना साधा दोन नळ्यांचा शॉकअप नळकांडं खाली ठेवूनच बसवा. आधी उभा धरून चार-पाच वेळा हाताने दाबून सोडा, म्हणजे आतली हवा निघते. डोळ्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळा. लोंबत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मग शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकची केबल टाय सैलसर बांधा, इतकी की हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही. दांडा झाकलेला असेल तर बंप रबरवर ओल्या मातीचा गोळा चिकटवा. पूर्ण ओझं घेऊन नेहमीच्या वाटेने एक फेरी मारा आणि खाली वाकून बघा. माझ्या पहिल्या फेरीत माती चपटी झाली होती, म्हणजे रबर टेकलं होतं, आणि केबल टायच्या वर दांड्याचा १२ मिलिमीटर भाग अजून बाहेर शिल्लक होता.