चायनीजच्या गाडीवर नीट जेवायचे असेल तर

चायनीजच्या गाडीवर गेल्यावर ऑर्डर देण्याआधी पाच मिनिटे नुसते उभे राहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. मोठ्या हॉटेलात स्वयंपाकघर दाराआड असते. गाडीवर मात्र भट्टी, कढई, चिरलेल्या भाज्यांचे डबे आणि सॉसच्या बाटल्या असे सगळे स्वयंपाकघर आपल्यासमोर मांडलेले असते. स्वस्त जेवणाची ही सर्वांत मोठी सोय आहे आणि तिचा उपयोग करून घ्यायला हवा.

त्या पाच मिनिटांत कढईकडे पाहावे. चांगला कारागीर तेल धुरावेपर्यंत थांबतो, मग बारीक चिरलेले आले-लसूण टाकतो, त्यामागोमाग कोबी, गाजर, फरसबी आणि ढोबळी मिरची जाते, मग भात पडतो, कढईच्या तापलेल्या कडेने सोया सॉसची धार सोडली जाते आणि शेवटी मूठभर पातीचा कांदा येतो. एवढे सगळे दोन-तीन मिनिटांत उरकते. घरच्या शेगडीवर न येणारा तो धुरकट वास या दणक्याच्या आचेमुळेच येतो. एक प्लेट उतरल्यावर तो कढई पाण्याने घासून ते पाणी ओतून देतो का, भाज्यांच्या डब्यांवर झाकण आहे का, पैसे घेणारा हात आणि भाज्यांत जाणारा हात एकच आहे का, हेही तेवढ्यात दिसते. गाडीवर किंवा दुकानात अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक लावलेला असेल तर चांगलेच. तरीही माझा पहिला भरवसा कढईच्या घासण्यावर असतो.

पुढचा प्रश्न काय मागवावे हा आहे. त्यासाठी कोणता पदार्थ आपल्यासमोर होतो आणि कोणता आधीच झालेला असतो, हे ठाऊक असले पाहिजे. भात दुपारीच शिजवून मोकळा करून ठेवतात, कारण गरम, ओला भात कढईत चिकटतो. नूडल्स उकडून तेल लावून ठेवलेल्या असतात. मंचुरियनचे गोळे एकदा तळून परातीत रचलेले असतात आणि मागणी आली की पुन्हा तळून ग्रेव्हीत सोडले जातात. यात गैर काही नाही, या धंद्याची रीतच तशी आहे. मात्र जो पदार्थ शेवटी मोठ्या आचेवर पूर्ण तापतो तो तुलनेने सुरक्षित आणि जो नुसता ग्रेव्हीत बुडवून दिला जातो तो जोखमीचा, एवढे लक्षात ठेवावे. एकदा संध्याकाळी साडेसहाला, गाडी नुकतीच लागलेली असताना, मी घाईने मंचुरियन ग्रेव्ही घेतली होती. वरून वाफ येत होती, पण गोळा फोडल्यावर आत गार गाभा लागला आणि किंचित आंबूस वास आला. तरीही मी खाल्ली आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढले. तेव्हापासून मी पहिला गोळा चमच्याने फोडून पाहतो. शक्य असेल तर आठ ते साडेनऊच्या दरम्यान जावे. त्या वेळी गर्दी असते, माल भराभर संपतो आणि कढईला उसंत नसते.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने साधा फ्राइड राइस किंवा हक्का नूडल्स घ्यावेत, कारण त्यांत कारागिराचा हात लपत नाही. भात सुटा, दाणा अखंड आणि भाजी किंचित करकरीत असेल तर त्या गाडीवर पुढच्या वेळी बाकीचे सगळे मागवायला हरकत नाही. भूक मोठी आणि माणसे दोन असतील तर ट्रिपल शेजवान घ्यावा. त्यात भात, नूडल्स आणि ग्रेव्ही असते, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स असतात आणि एक फुल प्लेट दोघांना सहज पुरते. एकटे असाल तर हाफ सांगावी. तिची किंमत फुलच्या निम्म्याहून जास्तच असते, म्हणून दोघांनी दोन हाफ घेण्यापेक्षा एक फुल वाटून घेणे शहाणपणाचे. मंचुरियन किंवा चिली सांगताना ड्राय की ग्रेव्ही हे आपणहून सांगावे, तिखट कमी हवे असल्यास कढई चढण्यापूर्वीच सांगावे. चिकन लॉलीपॉप घेतलाच तर एक तुकडा मोडून हाडाजवळचे मांस पाहावे. तिथे मांस कच्चे, लिबलिबीत दिसले तर संकोच न करता पुन्हा तळायला द्यावे. कारागीर त्याचा राग मानत नाहीत. चायनीज भेळेत कोबी कच्चाच असतो, म्हणून पावसाळ्यात मी ती टाळतो.

हे जेवण चीनमधले नाही, ते आपल्याच देशात घडलेले आहे, हे समजून घेतले तर त्याच्याकडून अपेक्षाही योग्य राहतात. कोलकात्याच्या टांग्रा भागात चामड्याच्या धंद्यात स्थिरावलेल्या हक्का चिनी कुटुंबांनी भारतीय जिभेला रुचेल असा स्वयंपाक रुजवला आणि हक्का नूडल्स हे नाव त्याच समाजाचे आहे. मंचुरियनचे श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना दिले जाते; १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी कॉर्नफ्लोअरमध्ये तळलेले चिकन आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉसच्या रश्श्यात सोडले, असे सांगतात. शेजवान हे नाव चीनच्या सिचुआन प्रांतावरून आले, पण त्या प्रांताची जीभ बधिर करणारी मिरी आपल्या शेजवान चटणीत नसते. ती चटणी सुक्या लाल मिरच्या आणि भरपूर लसणाची असते. गंमत अशी की त्या मिरीचे सख्खे भावंड आपल्या कोकण-गोव्याच्या बांगड्याच्या आमटीत तिरफळ म्हणून पडते.

रंगाबाबत मात्र मी कडक आहे. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो आणि थोडा तपकिरीकडे झुकतो; बोटाला, टिशूला गुलाबी-नारिंगी डाग राहत असेल तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या स्टॉलांवर बंदीचा निर्णय घेतला. मला पदार्थावरच बंदी योग्य वाटत नाही, पण ‘रंग नको’ असे सांगण्याचा हक्क आपण बजावला पाहिजे. तळणीचे तेल काळपट, दाट आणि फेसाळलेले दिसले तर त्या दिवशी तळलेले काही घेऊ नये, परतलेलेच घ्यावे.

अजिनोमोटोची, म्हणजे चव वाढवणाऱ्या मोनोसोडियम ग्लुटामेटची, भीती मात्र प्रमाणाबाहेर आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून या चवीचा घटक, ग्लुटामेट, वेगळा काढला आणि तोच घटक पिकलेल्या टोमॅटोतही असतो. खरी काळजी मिठाची करावी. मीठ, सोया सॉस आणि अजिनोमोटो असे तिन्हींतून सोडियम येते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे. रक्तदाब असलेल्यांनी ‘सोया कमी’ असे स्पष्ट सांगावे आणि मनचाव सूप वाटून प्यावे.

शाकाहारी माणसाने गाडीवर चिकनही होत असेल तर कढई, पळी आणि तळणीचे तेल एकच असते हे गृहीत धरावे. कढई धुऊन द्यायची विनंती बहुतेक कारागीर मानतात, वेगळे तेल मात्र त्यांच्याकडे नसते. सुपात चिकनचे पाणी घातले आहे का, हेही विचारून घ्यावे. ज्यांना हे चालत नाही त्यांनी शुद्ध शाकाहारी पाटी असलेले सेंटर शोधावे.

पार्सल नेताना घरून स्टीलचा डबा न्यावा. उकळते सूप आणि ग्रेव्ही पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून वर रबर बांधतात तेव्हा पिशवी मऊ पडलेली हाताला कळते. त्यातले अन्न मला खाववत नाही. भात आणि ग्रेव्ही वेगवेगळी भरून घ्यावी आणि तळलेल्या पदार्थाचे झाकण थोडे किलकिले ठेवावे, म्हणजे वाफेने ते लिबलिबीत होत नाहीत. घरी आल्यावर दोन तासांच्या आत जेवावे. उरलेला भात पसरट भांड्यात निववून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून संपवावा. शिजलेल्या भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष गरम केल्याने जात नाही. त्यामुळे रात्रभर ओट्यावर राहिलेला शेजवान राइस कितीही चांगला दिसला, तरी सकाळी डब्यात भरू नये.